टोकियोत आपला चहा आणि त्यांची ‘कोही’

मैत्रिणींनो, लेक किंवा सून परदेशी निघाली की आपल्या घरात बॅगांच्या वजनाचं महाभारत सुरू होतं. भाजणी आत, लोणचं बाहेर. गोडा मसाला आत, पापड बाहेर. पुन्हा काटा, पुन्हा वजन. या सगळ्या रणधुमाळीत चहा पावडरीचा पुडा हातात घेतला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “अगं, चहा काय, जगात सगळीकडे मिळतो!”

मिळतो ना. पण कुठला मिळतो आणि कसा मिळतो, हे तिथे गेल्यावरच कळतं. माझी मुलगी सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन टोकियोला गेली. मागच्या वर्षी नातवाच्या निमित्ताने मीही मे ते जुलै असे तीन महिने तिच्याकडे राहून आले. आपल्या गावातून थेट टोकियो! तिथले बुलेट ट्रेनचे आणि उंच मनोऱ्यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मी आज सांगणार आहे ते सकाळी सात वाजता हातात येणाऱ्या कपाबद्दल. कारण आपलं माणूस परक्या गावात रुळलं की नाही, हे त्या कपावरून बरंच कळतं, असं मला या तीन महिन्यांत जाणवलं.

चहाचाच देश, तरी चहा मिळेना

गंमत बघा, जपान हा चहाचाच देश. आपला ‘चहा’ आणि त्यांचा ‘चा’ हे दोन्ही शब्द मूळ चिनी ‘चा’चेच. आदराने ते ‘ओचा’ म्हणतात. पण ‘ओचा’ म्हटलं की समोर येतो तो हिरवा चहा. ना दूध, ना साखर. पहिल्या दिवशी कडुलिंबाच्या धाकट्या बहिणीसारखा लागतो, आठवड्याने सवय होते आणि महिन्याने आवडूही लागतो. आपल्या जातीच्या चहाला तिथे ‘कोचा’ म्हणतात, म्हणजे ‘लाल चहा’. तोही दुकानात मिळतो, पण छोट्या पिशव्यांमध्ये, नाही तर लांब पानांचा. तो आपल्यासारखा दूध-पाण्यात घालून उकळला तर रंग येतो फिका गुलाबी आणि चव लागते कपबशी विसळलेल्या पाण्यासारखी.

यामागे कारण आहे. आपण रोज वापरतो ती दाणेदार पावडर ‘सीटीसी’ पद्धतीने केलेली असते. दातेरी रुळांमधून चहाची पानं चिरडायची, फाडायची आणि गोळी वळवायची, अशी ही पद्धत. त्याचं यंत्र आसामात १९३० च्या सुमारास निघालं. पानाचा असा चुरा झाला की उकळत्या पाण्यात रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, दूध ओतलं तरी चहा आपली चव धरून राहतो. लांब पानांचा चहा मात्र गरम पाण्यात नुसता मुरवून, दुधाशिवाय प्यायचा. त्याला आपल्यासारखं आधणात टाकून छळलं तर तो बिचारा काय करणार!

हॉटेलांत ‘रॉयल मिल्क टी’ नावाचा एक प्रकार मिळतो. नाव ऐकून वाटतं राजवाड्यातून आला असेल. दुधात चहाची पानं मुरवून केलेला, गोडसर, मऊ. आपल्या चहाच्या सगळ्यात जवळचा तोच, पण आलं नाही, वेलची नाही आणि उकळीचा तो खमंगपणा नाही. हल्ली तिथल्या कॅफेंमध्ये ‘चाई’ही मिळतो. त्यात दालचिनी इतकी पुढे असते की चहा पितोय की पुलाव खातोय, असा प्रश्न पडावा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, टोकियोचं पाणी आपल्यासारखं जड नाही. नळाचं पाणी हलकं, पिण्याजोगं. त्यामुळे पावडर आपली असली की चहाला रंग असा येतो की बघत राहावं. आमच्या बोअरच्या पाण्याचा चहा पिऊन आलेली मी, पहिल्याच दिवशी लेकीला म्हटलं, “पाण्यातच निम्मं काम झालंय गं!”

दुधाच्या खोक्यावरची खाच

पावडर झाली, आता दूध. आपल्याकडे गवळीदादांची हाक नाही तर सकाळची पिशवी. तिथे दुकानात गेलं की एक लिटरची कागदी खोकी रांगेने उभी. सगळ्यांवर गाईचं चित्र आणि सगळ्यांवर जपानी चित्रलिपी. त्यात साधं दूध कुठलं, साय काढलेलं कुठलं, काही मिसळलेलं कुठलं, हे नव्या माणसाला कसं कळणार?

लेकीने मला युक्ती दाखवली. खोक्याच्या वरच्या घडीवर बोट फिरवायचं. तिथे अर्धगोल खाच असली तर ते साधं, काहीही न मिसळलेलं दूध. ही खाच खरं तर अंध व्यक्तींना दूध ओळखता यावं म्हणून ठेवलेली आहे. सगळ्याच कंपन्यांच्या खोक्यांवर असते असं नाही, पण बहुतेकांवर सापडते. जपानी अक्षर न येणाऱ्या आपल्यासारख्या बायकाही एका अर्थी तिथे अंधच की! त्या खाचेने किती जणींचा चहा सावरला असेल, देव जाणे. दुधाला तिथे ‘ग्युन्यू’ म्हणतात, हाही शब्द मी वहीत लिहून घेतला.

त्या दुधावर साय मात्र धरत नाही. त्यातली चरबी यंत्राने बारीक करून सगळीकडे सारखी मिसळलेली असते, आणि बहुतेक दूध १२०-१३० अंशांवर दोन-तीन सेकंद तापवलेलं असतं. त्यामुळे उतू जाण्याची भीती आहे तेवढीच, पण सायीचं लोणी, लोण्याचं तूप हा आपला धंदा तिथे बंद. मी दोन दिवस चुकचुकले, मग गप्प बसले.

आणि हो, लेकीच्या घरातली शेगडी विजेची, इंडक्शनची. माझं ॲल्युमिनियमचं लाडकं चहाचं पातेलं, जे मी इथून कपड्यांत गुंडाळून नेलं होतं, ते त्या शेगडीवर तापायलाच तयार नाही! त्या शेगडीला चुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. शेवटी त्या पातेल्यात कढीपत्ता नाही, पण कोथिंबीर लावली आणि बाल्कनीत ठेवलं.

निशिकासाईची गोष्ट

माझी लेक राहते त्या भागाचं नाव निशिकासाई. टोकियोच्या पूर्वेच्या एदोगावा विभागातलं हे एक स्टेशन. तिथे उतरलं की क्षणभर डोळे चोळावेत अशी परिस्थिती. साडीतल्या आजीबाई बाकावर बसलेल्या, मुलं हिंदीत भांडतायत आणि कुठूनतरी फोडणीचा वास येतोय. एदोगावा विभागात पाच हजारांहून जास्त भारतीय राहतात. ते इथेच का जमले, यालाही कारण आहे. २००० साल जवळ आलं तेव्हा संगणकांच्या तारखांचा घोळ होणार म्हणून जगभर धावपळ झाली होती, आठवतं? ते काम करायला जपानी बँकांनी आणि कंपन्यांनी भारतातून अभियंते बोलावले. निशिकासाईहून तोझाई लाइनची मेट्रो न बदलता थेट शहरातल्या कचेऱ्यांच्या भागात जाते, म्हणून त्या पोरांनी इथे बिऱ्हाडं केली.

आणि त्यांच्याही आधी इथे आलेला माणूस कोण, तर चहाचा व्यापारी! कोलकात्याचे जगमोहन चंद्राणी १९७८ साली जपानला आले आणि पुढच्या वर्षी निशिकासाईत स्थिरावले. भारतातला चहा आणून विकणं हा त्यांचा व्यवसाय. ही अभियंता मंडळी येऊ लागली तेव्हा त्यांना भाड्याने घरं मिळेनात, शाकाहारी जेवण मिळेना. चंद्राणींनी घरमालकांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला, जेवणाची सोय उभी केली, पुढे भारतीयांची संघटना बांधली. परक्या गावात आधी चहाचा माणूस पोहोचला आणि त्याच्या आधाराने बाकीचा गाव वसला, असं म्हटलं तर खोटं ठरू नये.

आपल्या मराठी माणसाचंही नाव या भागाशी जोडलेलं आहे. अंबरनाथहून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली एदोगावा विभागाच्या सभेत निवडून आले. भारतात जन्मलेल्या माणसाने जपानमध्ये निवडणूक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढे ते तिथल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. त्यांच्या आईंनी निशिकासाईत घरगुती चवीचं छोटं रेस्टॉरंट सुरू केलं होतं. साठीच्या पुढची एक मराठी आई टोकियोत जाऊन हॉटेल काढते, हे वाचूनच मला दहा हत्तींचं बळ आलं.

आता तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात सीटीसी पावडर मिळते, वेलची मिळते, पोहे-रवा मिळतो. किंमत बघितली की मनातल्या मनात येनाचे रुपये करायचे नाहीत, हा लेकीचा दंडक. आलं मात्र कुठल्याही जपानी दुकानात छान मिळतं. त्याला ‘शोगा’ म्हणतात, आणि शिकोकू बेटावरच्या कोचीत ते सर्वांत जास्त पिकतं. थोडक्यात काय, पावडर भारताची, आलं कोचीचं, दूध खाचेचं आणि पाणी टोकियोचं, असा आमचा चहा जमला!

कोहीचं वेड

आता कॉफी. जपानी जिभेवर ती ‘कोही’ होते. चहाच्या या देशात कॉफीचं एवढं वेड असेल, असं मला वाटलं नव्हतं. जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानाला तिथे ‘किस्सातेन’ म्हणतात. आपल्याला वाटावं, आत बसून किस्से सांगत असतील. आत गेलं तर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. शब्दाचा खरा अर्थ ‘चहा प्यायचं दुकान’, आणि मिळते मुख्यतः कॉफी! लाकडी खुर्च्या, मंद दिवे, आणि पांढऱ्या केसांचे मालक कागदी गाळणीत कॉफीची पूड घेऊन त्यावर बारीक धारेने गरम पाणी सोडतायत. एका कपाला पाच-सात मिनिटं. घाई नाही, बोलणं नाही. मी बघतच राहिले. आपण देवावर अभिषेकाची धार धरतो ना, तशी ती धार.

ही दुकानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभरात दीड लाखांच्या वर होती. पुढे साखळी दुकानं आली, जागांची भाडी वाढली आणि जुने मालक म्हातारे झाले, तशी ती कमी होत गेली. तरी टोकियोत अजून गल्लीबोळांत सापडतात.

या कोहीची गोष्ट मोठी छान आहे, आणि तीही घर सोडून गेलेल्या माणसांचीच. १९०८ साली ‘कासातो मारू’ नावाचं जहाज ७८१ जपानी माणसांना घेऊन कोबे बंदरातून ब्राझीलला निघालं. तिथल्या कॉफीच्या मळ्यांवर मजुरी करायला. ही माणसं पाठवण्यात पुढाकार घेणारे मिझुनो र्यो यांना साओ पावलोच्या सरकारने कॉफीच्या बिया फुकट देऊ केल्या. हेतू हा, की जपानमध्ये कॉफीची गोडी लागावी. त्या बियांवर मिझुनोंनी १९११ साली टोकियोच्या गिंझा भागात ‘काफे पाउलिस्ता’ काढलं. सर्वसामान्यांना परवडेल अशा दरात तिथे कॉफी मिळू लागली आणि शहराला चटक लागली. या नावाचं दुकान आजही गिंझात आहे.

आणि ब्राझीलला गेलेल्या त्या जपानी लोकांनी काय केलं? त्यांनी तिकडे रेजिस्त्रो नावाच्या गावाभोवती चहाचे मळे लावले! म्हणजे चहाची माणसं कॉफी पिकवायला गेली, तिथे चहा लावला, आणि मागे राहिलेल्यांना कॉफी पाठवली. माणसं देश बदलतात तेव्हा कपसुद्धा इकडचे तिकडे होतात.

आपल्याला आवडेल अशी कॉफी मात्र किस्सातेनमध्ये शोधू नये. ती काळी, कडक, तोंडात रेंगाळणारी. आपली कॉफी म्हणजे दुधाची, साखरेची आणि वर जायफळ उगाळलेली. ती मला अचानक कुठे सापडली सांगू? रस्त्यावरच्या यंत्रात! जपानभर पेयांची वीस लाखांहून जास्त यंत्रं आहेत. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, डबा खाली. लाल पट्टी असली तर गरम, निळी असली तर गार. वाचता येत नसलं तरी अडत नाही. दुधाची डबाबंद कॉफी तिथे १९६९ पासून मिळते. यूसीसी कंपनीचे संस्थापक उएशिमा तादाओ एकदा स्टेशनवर बाटलीतली कॉफी पीत असताना गाडी सुटायची वेळ झाली. बाटली दुकानात परत द्यायची असल्यामुळे अर्धी कॉफी टाकून त्यांना धावावं लागलं, आणि त्यातून डब्याची कल्पना निघाली, असं सांगतात. त्या डब्यातली दुधाळ, गोडमिट्ट कॉफी प्यायले आणि मला थेट आपल्या लग्नघरातली, मोठ्या पातेल्यातली कॉफी आठवली. फक्त जायफळाची कमी. ती घरी नेऊन, गरम करून भरून काढली.

कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांतही कॉफी मिळते. तिथल्या एका मोठ्या साखळीने २०१३ पासून यंत्राची ताजी कॉफी १०० येनमध्ये द्यायला सुरुवात केली. आता दर वाढले आहेत, तरी बाकी हॉटेलांपेक्षा कमीच. जावईबापूंची सकाळ तिच्यावरच चालते. लेक म्हणते, “आई, ही प्यायला सोपी, पण बसायला जागा नाही गं.” हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

पन्ह्याची बहीण, पियुषाची मावसबहीण

उन्हाळ्यात टोकियो असं उकडतं की आपली मुंबई परवडली. तिथे घरोघरी फ्रिजमध्ये तपकिरी पाण्याचा जग असतो. हा ‘मुगिचा’, भाजलेल्या जवाचं म्हणजे आपल्या सातूचं पाणी. नावात ‘चा’ असला तरी त्यात चहाचं पान नाही, त्यामुळे लहान मुलांनाही देतात. बाळंतिणीलाही चालतं म्हणून लेक तेच पीत होती. मी आपलं ओव्याचं, शेपाचं पाणी करून ठेवत होते. फ्रिजमध्ये दोन्ही जग शेजारी नांदले!

दुसरं पेय ‘काल्पिस’. पांढरं, आंबटगोड. घट्ट पाकासारखं बाटलीत मिळतं, त्यात चौपट पाणी घालायचं. केशर-वेलची नसलेलं पातळ पियुष म्हणा ना! मिशिमा काइउन नावाच्या गृहस्थांनी मंगोलियातलं आंबवलेलं दूध पिऊन पाहिलं होतं, त्यावरून त्यांनी हे पेय केलं आणि १९१९ साली बाजारात आणलं. ते बुद्धमंदिरातल्या पुजाऱ्याच्या घरचे. नावातलं ‘काल’ आलं कॅल्शियममधून आणि ‘पिस’ कशातून आलं असेल? संस्कृतातल्या ‘सर्पिस्’मधून! सर्पिस् म्हणजे तूप. त्यात तूप औषधालाही नाही, पण टोकियोतल्या दुकानाच्या फळीवर संस्कृतचा तुकडा सापडला की आपण उगाच दोन इंच उंच होतो. लेकीची शेजारीण त्यात चिमूटभर जायफळ घालते. करून बघायला हरकत नाही.

ताकाची चिंता करू नका. तिथे साधं, बिनसाखरेचं दही सर्रास मिळतं. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात बल्गेरियाच्या दालनातलं दही जपान्यांनी चाखलं आणि त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी ते करायला घेतलं. त्या दह्याचं ताक घुसळून, आलं-मीठ लावून मी रोज दुपारी पीत होते.

पण माझा जीव रमला तो ‘उमे’मध्ये. जूनमध्ये तिथे पाऊस सुरू होतो. त्याला ते ‘त्सुयु’ म्हणतात, आणि लिहितात ती अक्षरं आहेत ‘उमेचा पाऊस’. उमे हे कच्च्या जर्दाळूसारखं हिरवं, आंबट फळ. आपला मृग लागतो तेव्हाच दुकानांत उमेच्या पिशव्या, खडीसाखर आणि काचेच्या बरण्या शेजारीशेजारी मांडलेल्या. खालच्या मजल्यावरच्या पंचाहत्तरीच्या जपानी आजींनी एक दिवस आम्हाला दारातूनच बरणी दाखवली. फळांचा थर, खडीसाखरेचा थर, पुन्हा फळं, पुन्हा साखर. दोन्हींचं वजन सारखं. दोन-तीन आठवडे रोज बरणी हलवायची, की फळांचा रस सुटून पाक होतो. तो गार पाण्यात घालून प्यायचा.

अहो, हे तर आपलं अमृत कोकम! कोकणात कोकमाच्या वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवतात, तेच की हे. मी वर जाऊन बॅगेतली आमसुलं आणली, साखर घातली, सरबत करून त्यांना दिलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “उमे!” आम्हा दोघींत समान असे तेवढेच दोन-चार शब्द. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून उमेच्या सरबताची छोटी बाटली आली, आणि लेक म्हणाली, “आई, पाच वर्षं या इमारतीत राहते मी. त्या पहिल्यांदा वर आल्या.”

कुणाबरोबर?

इथे मी जरा थांबते, कारण आता जे सांगायचंय ते सगळ्यांच्या आयांनी ऐकावं असं आहे.

तिकडे गेलेल्या आपल्या बऱ्याच मुली नवऱ्याच्या नोकरीमागे जातात. त्यांचा व्हिसा ‘कुटुंबा’चा. त्यावर नोकरी करायची तर वेगळी परवानगी काढावी लागते, आणि तीही आठवड्याला २८ तासांपुरती. इथे शिकलेली, नोकरी करणारी मुलगी तिथे एकदम घरात बसते. नवरा सकाळी आठला जातो, रात्री नऊला येतो. भाषा येत नाही. शेजारी सभ्य, पण दार बंद. न कळवता कुणाकडे जायची तिथे रीतच नाही.

माझ्या लेकीने त्या दिवसांबद्दल आता सांगितलं, तेव्हा नव्हतं सांगितलं. पहिल्या चार महिन्यांत तिने दुपारचा चहाच सोडून दिला होता. पावडर होती, मीच दिलेली. दूध होतं. “एकटीसाठी आधण ठेवायचा कंटाळा यायचा गं. मग जेवायचाही यायला लागला.” मी फोनवर रोज विचारायचे, “चहा घेतलास का?” ती म्हणायची, “हो.” तिच्याच ओळखीतली एक मुलगी या एकटेपणाने इतकी खंगली, की शेवटी औषधं घेऊन सहा महिने माहेरी राहिली. आता बरी आहे, परत गेली आहे. पण ते सहा महिने त्या घराने कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक.

माझी लेक सावरली ती वाणसामानाच्या दुकानात. चहाच्या पुड्यांसमोर उभी असताना मागून आवाज आला, “हा नको घेऊस, तो कडक आहे.” चक्क मराठीत! बोलणारी सांगलीची. ती हिला तिथूनच घरी घेऊन गेली आणि आल्याचा चहा पाजला. तिच्या घरी दर गुरुवारी दुपारी पाच-सहा जणी जमायच्या. कुणी जळगावची, कुणी बेळगावची, एक तमिळ, एक बंगाली. तमिळ मुलीकडे पितळेचा कॉफी फिल्टर, म्हणून महिन्यातला एक गुरुवार कॉफीचा. या गुरुवारचा एकच नियम आहे. इमारतीत किंवा ओळखीत नवीन मुलगी आली, की पहिल्या आठवड्यात तिच्या दारात जायचं, आणि बोलवायचं नाही, सोबत घेऊन यायचं. कारण नुसतं बोलावलं तर नवी मुलगी येत नाही, लाजते.

त्या गुरुवारांतून काय काय निघालं! एकीने जपानीचा वर्ग शोधला, मग तिघी गेल्या. एकीने परवानगी काढून पाळणाघरात काम धरलं. कुठल्या डॉक्टरांना इंग्रजी येतं, मुलाच्या शाळेचा अर्ज कसा भरायचा, हे सगळं त्या चहावरच ठरतं. टोकियोत मराठी मंडळ आहे, तिथले गणपती आणि दिवाळी झोकात होतात. पण सणाला अजून चार महिने असताना मंगळवारी दुपारी रडू आलं, तर हाकेला कोण? तर या गुरुवारच्या बाया.

माझ्या मुक्कामात मीही दहा-बारा गुरुवार चहा केला. एकदा खालच्या जपानी आजींना घेऊन गेलो. आल्याचा चहा पिऊन त्या घामाघूम झाल्या, हसल्या, आणि दुसरा कप मागितला.

बॅग भरताना

जाता जाता कामाच्या चार गोष्टी सांगते. चहाची पावडर सीलबंद पुड्यात द्या, सुटी नको. आमसुलं, सुंठ, जायफळ, वेलची देतानाही दुकानातली बंद पाकिटंच घ्या, आणि विमानतळावर विचारलं तर काय आहे ते स्पष्ट सांगायला लावा. ताजं आलं, गवती चहा, कढीपत्ता, फळं, बियाणं अजिबात नको. वनस्पतींना तिथे तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि नसलं तर माल तिथेच काढून घेतात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी एकदा बघून घ्या. चहाचं भांडं द्यायचंच असेल तर बुडाला चुंबक लावून बघून द्या. आणि गाळणी द्या, बारीक जाळीची. सीटीसीचा चुरा तिथल्या पानांच्या गाळणीतून खाली उतरतो.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बॅगेत मावत नाही. ज्या गावात लेक चाललीय, तिथे आपल्या ओळखीचं कुणी आहे का, हे निघण्याआधी शोधा. नात्यातलं असो, गावातलं असो, मैत्रिणीच्या जावेची बहीण असो. एक फोन नंबर पुडीत बांधून द्या. आणि तुमच्याच गल्लीत परगावाहून, परराज्यातून कुणी नवी सून आली असेल, तर पहिल्या आठवड्यात तिच्या दारात तुम्ही जा. तिलाही तिच्या घरचा चहा आठवत असेलच.

मी हल्ली लेकीला फोनवर “चहा घेतलास का?” असं विचारत नाही. “आज कुणाबरोबर घेतलास?” असं विचारते.